लाईफगार्डची खुर्ची: ३१६ स्टील, एफआरपी का सागवान?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नागपुरात बेसा साइडच्या सोसायटीत उघडा स्विमिंग पूल आहे, लाईफगार्डसाठी उंच खुर्ची करायची आहे अन् तीन कोटेशन आलेत. एक पूर्ण ३१६ स्टीलचं (स्टेनलेसचा भारी ग्रेड), दुसरं लोखंडी पाईपवर पावडर कोटिंग अन् वर एफआरपीची, म्हणजे काचेचे धागे घातलेल्या फायबर प्लास्टिकची सीट, तिसरं सागवानाचं, अन् कमिटीत तीन गट पडलेत. शिवाय जुनी गंजलेली खुर्ची रंगवून चालेल का हेही विचारलंय. मी पूलचं फॅब्रिकेशन करतो, रेलिंग, शिड्या, स्टार्टिंग ब्लॉक अन् या खुर्च्या, हिंगण्यात वर्कशॉप आहे, तर जरा सविस्तर सांगतो.

तिघंही तुम्हाला एक-एक मटेरियल विकून राहिले, अन् घोळ तिथंच आहे. खुर्ची एका मटेरियलची करायचीच नसते. फ्रेमच्या खालच्या फूटभराला क्लोरीनचं पाणी खातं, सीटला ऊन खातं, पायऱ्यांवर दिवसभर ओले पाय, अन् बोल्टला हे सगळंच एकदम. मग प्रत्येक भागाला त्याच्या शत्रूप्रमाणे मटेरियल द्यायचं, बस.

अन् आपल्याकडे पहिला शत्रू ऊन, क्लोरीन नंतर. नागपूरचा रेकॉर्ड ४७.९ डिग्रीचा आहे, २३ मे २०१३ चा. (२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठच्या यंत्रानं ५६ दाखवले होते अन् देशभर गाजलं, पण तो सेन्सरच बिघडलेला निघाला.) अन् ४७.९ हा आकडा सावलीतल्या हवेचा. उन्हात ठेवलेला धातू याच्या कितीतरी वर जातो, नवतप्यात दुपारी ६० च्या पुढे सहज. आपल्या कातडीला साधारण ४४ डिग्रीलाच चटका बसायला लागतो. म्हणजे तुम्ही कितीही भारी स्टील घ्या, अकरा वाजल्यानंतर गार्ड त्या खुर्चीवर बसणारच नाही, तो चेंजिंग रूमच्या शेडखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून मोबाईल पाहत बसेल, अन् तिथून त्याला पूलचा पलीकडचा कोपरा दिसतच नाही. रिकामी खुर्ची ३१६ ची असली काय अन् भंगाराची असली काय.

धातूच का पोळतो, लाकूड का नाही, हे कमिटीला समजवायचं असेल तर असं सांगा की दोन्ही उन्हात तापतात, पण धातू ती उष्णता तुमच्या मांडीत झपकन सोडतो. मोजमापात सांगायचं तर ॲल्युमिनियमची उष्णता वाहून न्यायची ताकद २०० च्या आसपास, साध्या लोखंडाची ५०, स्टेनलेसची १६, अन् एफआरपी किंवा सागवानाची एकाहूनही कमी, ०.२-०.३ वगैरे. म्हणून सीट, पाठ, हात ठेवायची जागा अन् वर चढताना पकडायचा दांडा, या चार ठिकाणी उघडा धातू नको. दांड्यावर निदान पकडीची स्लीव्ह तरी चढवा.

आता फ्रेम. ३१६ वाला तुम्हाला म्हणत असेल की ३०४, म्हणजे स्टेनलेसचाच स्वस्त ग्रेड, पूलवर टिकत नाही. अर्धं खरं आहे. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्के अन् निकेल ८ टक्के धरून चाला, ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, अन् ते क्लोराईडनं पडणारे बारीक खड्डे थोपवतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराईड असतं, तिथं गोव्याच्या बीचवर कुणी ३०४ ची खुर्ची ठेवली तर मीच त्याला वेडा म्हणेन. पण आपल्या पूलमध्ये ते काही शेकड्यांतच असतं. आमच्या लाईनमध्ये ढोबळ नियम असा चालतो की कायम पाण्यात बुडून राहणारं असेल तर ३०४ साधारण २०० पर्यंत अन् ३१६ साधारण १००० पर्यंत. म्हणून पाण्यात उतरणारी शिडी ३१६ ची घ्या, त्यात कंजूषी करू नका. खुर्ची मात्र काठावर असते, तिच्यावर पाणी उडतं अन् वाळतं. तिला उघड्या पूलवर ३०४ पुरतं, एवढंच की आठवड्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवायची अन् पुसायची, खास करून खालचा भाग, कारण पाणी उडून जातं पण क्लोराईड तिथंच साचतं, त्यात आपल्या बोअरचे क्षार, तो पांढरा थर बसला की त्याच्याखाली खड्डे पडायला सुरुवात होते.

दोन ठिकाणी मात्र मीही ३१६ च सांगतो. एक, पूलला सॉल्ट क्लोरीनेटर (मिठातून क्लोरीन करणारं यंत्र) असेल तर, कारण त्यात लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम मीठ टाकलेलं असतं. दुसरं, पूल बंद हॉलमध्ये असेल तर. बंद पूलची हवाच खराब, क्लोरीन अन् घामातून क्लोरामाईन तयार होतात, तो जो डोळ्याला झोंबणारा वास असतो ना तो त्यांचाच, अन् ते स्टीलवर बसत राहतात, वरून कुणी धूत नाही. स्वित्झर्लंडच्या उस्टर गावात १९८५ साली बंद पूलचं काँक्रिटचं छत खाली आलं, १२ लोक गेले, छत ज्या स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगलेलं होतं त्या आतून तडकल्या होत्या, बाहेरून विशेष काही दिसत नव्हतं. खुर्चीला तसा धोका कमी, ती डोळ्यासमोर असते, धुता येते, पण स्टेनलेस म्हणजे अमर असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते काढा. बंद हॉलमध्ये ताणातले बोल्ट दरवर्षी खोलून पाहायचे.

अन् कोटेशनचा भाव जरा तपासा. फॅब्रिकेशनवाले पाईपचं वजन असं काढतात, बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४९, सगळं मिमीमध्ये, उत्तर येतं मीटरला किलो. दीड इंची म्हणजे ३८.१ मिमी पाईप, २ मिमी जाडीचा, तर मीटरला १.८ किलो. एका खुर्चीला समजा १६ मीटर पाईप लागला तर २९ किलो धातू झाला. ३१६ चा किलोचा भाव ३०४ च्या साधारण दीडपट धरा, पण मजुरी, पॉलिश, सीट, ट्रान्सपोर्ट सगळं तेच राहतं. मग कुणी ३१६ च्या खुर्चीचा भाव ३०४ च्या दुप्पट सांगत असेल तर ती दुप्पट कशी होते? हा प्रश्न त्याला विचारा, अन् चेहरा पाहा.

३०४ च्या नावाखाली २०२ हा हलका ग्रेड येणं, हा मात्र खरा धोका. बाजारात २०२ ढिगानं आहे, त्यात निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं, नवीन असताना चकाचक दिसतं, फरक कळत नाही, अन् पूलवर पहिल्याच सीझनला चहाच्या डागासारखे तांबूस पट्टे येतात. लोक चुंबक लावून पाहतात, त्यानं काही कळत नाही बाप्पा, २०२ ला पण चुंबक चिकटत नाही. इतवारीत लोहा ओळीकडं किंवा कुठल्याही स्टीलवाल्याकडं टेस्टिंगचं लिक्विड मिळतं, छोट्या बॅटरीवर चालतं, थेंब टाकला की मँगनीजवाला माल लाल पडतो. मॉलिब्डेनमचं वेगळं लिक्विड येतं, ३१६ तपासायला. डिलिव्हरीच्या वेळी तुमच्यासमोर, पाईपच्या कापलेल्या टोकावर किंवा खालच्या बाजूला टेस्ट करा म्हणावं, जो खरा माल देतो तो नाही म्हणणार नाही. मोठी ऑर्डर असेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा अन् हीट नंबर (माल कुठल्या बॅचचा ते सांगणारा नंबर) जुळवा.

जाडी १६ गेज म्हणजे १.६ मिमी किमान, मी पायांना २ मिमी घालतो. १८ गेजवाला, म्हणजे १.२ मिमीचा पाईप, रेलिंगच्या डिझाईनपुरता ठीक, त्यावर ८०-९० किलोचा माणूस दिवसातून कितीदा उडी मारून उतरतो ते लक्षात घ्या.

मटेरियल बरोबर असूनही खुर्ची सडते ती वेल्डिंगपाशी, अन् यावर कोटेशनमध्ये एक ओळ नसते. आर्गन वेल्डिंगच पाहिजे, ३०४ ला ३०८एल ची वायर, ३१६ ला ३१६एल ची. वेल्डच्या बाजूला जो निळा-जांभळा रंग येतो तो शोभेचा नाही, तिथलं क्रोमियम जळालेलं असतं, तो पिकलिंग पेस्ट (ॲसिडची पेस्ट) लावून काढायचा अन् भरपूर पाण्यानं धुवायचा. दुसरं म्हणजे जी ग्राइंडरची चकती लोखंडावर चालली तीच स्टेनलेसवर चालवली तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात अन् पहिल्या पावसात ठिपके-ठिपके गंज, मग गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा दिला. छोट्या वर्कशॉपमध्ये हे सर्रास होतं. अन् पाईपची टोकं पूर्ण बंद पाहिजेत, प्लास्टिकची टोपी ठोकून नाही, प्लेट वेल्ड करून.

लोखंडी पाईपवर पावडर कोटिंगचं दुसरं कोटेशन. स्वस्त आहे अन् फोटोत छान दिसतं. पावडर कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉन, बाहेरून. पाईपच्या आत काहीच नाही. पाणी आत जातं बोल्टच्या भोकातून अन् खालच्या टोकातून, आतून गंजत येतं, अन् वरचा रंग शाबूत असतानाच पाय खालून पोकळ होतो. मला ही वस्तू पूलवर पटत नाही. बजेटच नसेल तर लोखंडाची खुर्ची पूर्ण तयार करून मग हॉट डिप गॅल्वनायझिंग करून घ्या, म्हणजे अख्खी फ्रेम ४५० डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, आतून-बाहेरून लेप बसतो, आयएस ४७५९ या भारतीय मानकात त्याचं स्पेसिफिकेशन आहे. त्यासाठी प्रत्येक पाईपला हवा जायला भोकं ठेवावी लागतात, बंद पाईप जस्तात गेला तर फुटतो, तिथं काम करणाऱ्याच्या जिवावर बेततं. वरून पाहिजे तर रंग मारा. पण बाजारातून जीआय पाईप (आधीच जस्त चढवलेला) आणून वेल्ड मारला अन् जॉइंटवर चंदेरी रंगाचा स्प्रे मारला, याला गॅल्वनाइज्ड खुर्ची म्हणत नाहीत, जस्त तर नेमकं वेल्डपाशीच जळून गेलं, अन् तो धूर घेऊन वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो ते वेगळंच.

सागवान. इथं माझं मन जरा हळवं आहे, सीपी टीक (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान) आपल्या दारातलं, बल्लारशा-आलापल्लीचं लाकूड, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशावरूनच सागवान गेलं. अमेरिकेत बीचवरच्या पांढऱ्या रंगाच्या खुर्च्या अजूनही लाकडी असतात, त्यामुळं लाकूड पाण्यापाशी चालत नाही हे म्हणणं चूक. पण पूर्ण लाकडी खुर्ची नागपुरात करू नका, कारण आपली हवा एकदम टोकाची. मे मध्ये हवा इतकी कोरडी की लाकूड आवळतं अन् सांधे ढिले पडतात, जुलैत तेच फुगतं, अन् हे दरवर्षी. उंच खुर्चीत ढिला सांधा म्हणजे खुर्ची डुलते, अन् डुलणाऱ्या खुर्चीवर गार्ड बसत नाही. सागवान पट्ट्यांमध्ये वापरा, सीटला अन् पाठीला, खाली स्टीलचा सांगाडा. लकडगंजात घ्यायला गेलात तर सोबत सुतार न्या, मधल्या गाभ्याचा तपकिरी माल पाहिजे, कडेचा पांढरा पट्टा असलेली पट्टी परत करा, तिला कीड अन् ओल दोन्ही लागतं. पट्ट्यांमध्ये ८-१० मिमीची फट, कडा गोल, अन् पॉलिश अजिबात नको, ना मेलामाईन ना पीयू, आपल्या उन्हात ती फिल्म पापुद्र्यासारखी निघते, अन् मग अर्धी निघालेली साफ करायला नवीन करण्यापेक्षा जास्त मजुरी लागते. वर्षातून एकदा तेल लावा, नाही लावलं तरी रंग राखाडी होईल, लाकूड मरणार नाही. स्क्रू लोखंडी वापरले तर सागाच्या रसायनाशी मिळून भोवती काळे डाग पडतात, तेव्हा स्क्रू स्टेनलेसचेच. अन् सागवान सांगून पॅकिंगच्या पाईनला रंग मारून देणारे पण आहेत, वजनानं लगेच कळतं.

एफआरपी सीट मात्र मी बहुतेकांना सांगतो. हलकी, पोळत नाही, क्लोरीन काही करत नाही. फक्त ती चांगली बनलेली पाहिजे. साधं रेझिन न घेता आयसोफ्थॅलिक, म्हणजे पाणी-केमिकल जास्त सोसणारं रेझिन घ्या म्हणावं, जाडी ५ मिमीच्या आसपास, वर जेल कोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर), रंग पांढरा किंवा फिकट, गडद निळा कमिटीला आवडतो पण तो तापतो. चेक करायला सीट उलटी करा. खालची बाजू खडबडीत चालेल, पण काचेचे धागे उघडे दिसता कामा नये. अंगठ्यानं मधोमध दाबा, लवली तर पातळ आहे. नाकाला उग्र वास आला तर अजून नीट पिकली नाही. बसल्याजागी पाणी साचू नये म्हणून भोक पाहिजे, हे विसरतात, मग गार्डची चड्डी दिवसभर ओली. उन्हानं काही वर्षांत जेल कोट खडूसारखा होतो, हात लावला की पांढरं लागतं, तेव्हाच घासून नवीन कोट मारा. तो टाळला तर काचेचे धागे वर येतात अन् हाफ पँटवर बसणाऱ्याला अशी खाज सुटते की विचारू नका.

प्लास्टिकच्या पट्ट्या पण मिळतात, एचडीपीईच्या, ऊन सोसणारा माल असेल तर लाकडापेक्षा कमी कटकट. त्यात एकच गोष्ट सांभाळायची, हे प्लास्टिक फार पसरतं. मीटरला दर डिग्रीला ०.१५ मिमीच्या आसपास. डिसेंबरची पहाट अन् मे ची दुपार यात पट्टीच्या अंगात ५० डिग्रीचा फरक पडतो, म्हणजे मीटरभर पट्टी साडेसात मिमी लांबते. भोकं लांबट ठेवली नाही तर पट्टी मधून फुगते. पीव्हीसी प्लंबिंग पाईपच्या खुर्च्या कुणी दाखवल्या तर पूलशेजारी पहुडायला ठीक, उंच खुर्चीला नाही.

ॲल्युमिनियम तेव्हाच, जेव्हा खुर्ची रोज उचलून हलवायची असते. तुमची एका जागी राहणार, मग गरज नाही. वेल्डपाशी त्याची ताकद बरीच उतरते अन् लिक्विड क्लोरीन सांडलं तर खातं.

पैसे वाचवायचे तर फ्रेममध्ये वाचवा, बोल्टमध्ये नाही. फटीत पाणी अडकतं, गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून बोल्ट ३१६ चेच घ्या, अख्ख्या खुर्चीला मिळून तो खर्च नगण्य आहे. ओळखायला सोपं, डोक्यावर ए४ कोरलेलं असतं, ए२ म्हणजे ३०४. पिवळ्या पॉलिशचे लोखंडी बोल्ट दिसले तर परत करा. स्टेनलेसवर स्टेनलेस नट सुका आवळला की जाम होतो अन् मग कापावाच लागतो, थोडं अँटी-सीझ (जाम न होण्याची पेस्ट) लावा. खाली पायांना जाड रबरी बूट, नाही तर टाईल्स फुटतील.

सीटची उंची पूलला ५ ते ६ फूट बस. पायऱ्या सपाट अन् रुंद, गोल पाईपच्या नको, तळवा दुखतो अन् ओला पाय सटकतो. पायरीवर खरखरीत एफआरपी ग्रेटिंग (जाळी) टाका. चिकटवायची अँटी-स्किड टेप आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते. खुर्ची अशी ठेवा की संध्याकाळचा सूर्य गार्डच्या पाठीला राहील, नाही तर चार-पाच वाजता, जेव्हा सगळी पोरं पाण्यात असतात, त्याला नुसती चमक दिसते. छत्रीचं सॉकेट फ्रेमला वेल्ड केलेलं पाहिजे अन् वादळ आलं की छत्री बंद, मे-जूनच्या वावटळीत उघड्या छत्रीसकट खुर्ची आडवी होते. म्हणूनच पाय जमिनीला केमिकल अँकरनं (भोकात केमिकल भरून पक्क्या केलेल्या बोल्टनं) फिट करा, पण ड्रिल मारायच्या आधी डेकखालून पाईपलाईन कुठून जाते ते प्लंबरला विचारा. अन् गरम होतं म्हणून कुणी खुर्चीला २३० व्होल्टचा पंखा बांधायला निघालं तर हात जोडून थांबवा, काठापासून २ मीटरपर्यंतचा पट्टा विजेच्या नियमात धोक्याचाच धरतात.

तर तुमच्यासाठी माझ्या मते, ३०४ ची २ मिमी फ्रेम, ए४ बोल्ट, फिकट रंगाची एफआरपी सीट, सागाच्या पट्ट्यांचे हात, अन् मोठी छत्री. ३१६ वाल्यालाच हे स्पेसिफिकेशन देऊन परत कोटेशन मागा, वेल्डिंग सगळ्यात चांगलं त्याचंच असण्याची शक्यता आहे. खुर्ची प्लँट रूमच्या (पंप-फिल्टरच्या खोलीच्या) दाराजवळ ठेवू नका अन् ऑफ सीझनला आत तर मुळीच नका ठेवू, ॲसिडच्या कॅनची वाफ बंद खोलीत चांगल्या स्टीलला पण डागते.

जुन्या खुर्चीचं म्हणाल तर रंगवायच्या आधी पायाच्या खालच्या वीतभर भागावर हातोडीनं टकटक करून पाहा. खणखणीत वाजलं तर खालचा तुकडा कापून नवीन जोडून गॅल्वनाइज करता येईल. बद्द वाजलं किंवा पोचा पडला तर रंगाचा खर्च करू नका, भंगारात द्या, अन् द्यायच्या आधी पाय कापून टाका, नाही तर वॉचमन ती गेटवर नेऊन त्यावर बसेल.